जोर्वे खापर चाकावरचं की हाताने घडवलेलं? पातळ छेदात काय बघायचं?

खापरखूण:
इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन स्थळांवरच्या जोर्वे खापरांच्या (जोर्वे शैलीच्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांच्या) नोंदी करतोय. आतल्या बाजूला आडव्या समांतर रेघा दिसतात. तेवढ्यावर ‘चाकावर घडवलेलं’ लिहिलं तर चालेल का? थिन सेक्शनसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ छेदासाठी, खापर कुठून कापावं?

बेसाल्ट_३०:
नुसत्या रेघांवर लिहू नका. मातीच्या वळ्या रचून भांडं उभं केलं आणि नंतर फिरत्या चाकावर ओल्या हाताने सारखं केलं, तरी अशाच रेघा उमटतात. खरा पुरावा भिंतीच्या आत असतो. दोन छेद घ्या. एक काठाकडून बुडाकडे उभा, भिंतीची जाडी दिसेल असा. दुसरा पृष्ठभागाला समांतर. कापण्याआधी काठाची दिशा खापरावर पेन्सिलीने लिहा, ती हरवली तर दुसऱ्या छेदातून काहीच ठरवता येत नाही.

उभ्या छेदात पोकळ्या गोल फिरलेल्या आणि मध्ये तिरका सांधा, तर वळ्या. पोकळ्या भिंतीला समांतर असतील तर चाक किंवा थापटणं, दोन्ही शक्य. तिथे दुसरा छेद कामाला येतो: चाकावर ओढलेल्या मातीत लांबट पोकळ्या एकाच बाजूला तिरप्या कललेल्या असतात.

काचपट्टी:
आधी निर्वात पात्रात खापरामध्ये निळा रंग मिसळलेलं इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) मुरवा. घासताना कण उपटून निघतात आणि त्यांचे खड्डे हुबेहूब पोकळ्यांसारखे दिसतात. निळं दिसेल तीच खरी पोकळी. कार्बोरंडम (घासायची भुकटी) 400, 600, 1000 या क्रमाने वापरा, दर टप्प्याला काच आणि नमुना दोन्ही धुवा. शेवटची जाडी 0.03 मिमी. दख्खनच्या मातीत क्वार्ट्झ कमी, म्हणून जाडी तपासायला प्लेजिओक्लेज (बेसाल्टमधलं एक खनिज) बघा: क्रॉस्ड पोलर्समध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाचे दोन ध्रुवक एकमेकांना आडवे ठेवून, तो करडा-पांढरा हवा. पिवळसर दिसला तर अजून घासायला हवं.

आवा:
त्याच छेदातून भाजणीही कळते. क्रॉस्ड पोलर्समध्ये सूक्ष्मदर्शकाची स्टेज (नमुना ठेवायची तबकडी) फिरवताना कणांमधली बारीक माती उजळत-विझत असेल तर तापमान साधारण 800-850 अंशांच्या खालीच राहिलं. कॅल्साइट (चुन्याचं खनिज) जास्त तापात मोडतं, पण ते दिसलं म्हणून भाजणी कमी असं पटकन ठरवू नका. पोकळीच्या कडेने अस्तरासारखं बसलेलं कॅल्साइट खापर पुरल्यानंतर पाझरून आलेलं असतं. बेसाल्टचे कण टोकदार असून मधल्या आकाराचे कण जवळपास नसतील, तर कुंभाराने मातीत भरड (जाडसर चुरा) मुद्दाम मिसळल्याची शक्यता जास्त. सगळे आकार सलग मिळाले तर ती नदीकाठची मातीच तशी.

आणि छेद घेणं म्हणजे खापराचा तुकडा कायमचा जाणं. लेखी परवानगी घ्या, आधी रेखाचित्र आणि फोटो काढा.