हालोल की अहमदाबाद? बडोद्यातल्या सोसायटीच्या गणेश मंडळ ग्रुपवर

ए-304 वहिनी, शुक्रवार रात्री 8.40
नमस्कार. वर्गणीच्या ग्रुपवर घरचं विचारतेय, राग मानू नका. लेकीचं बी.एस्सी. केमिस्ट्री झालं आणि दोन ठिकाणांहून ऑफर आलीय. एक हालोलच्या औषध कंपनीत, क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये. महिना 32,000 ग्रॉस (कपातीआधीचा), आठवड्याला सहा दिवस, कंपनीची बस. दुसरी अहमदाबादला ऑफिसात, वर्षाला 4.80 लाख, पाच दिवस. ह्यांचं म्हणणं, 40,000 सोडून 32,000 कोण घेईल? लेकीलाही शनिवार-रविवार सुट्टी हवीशी वाटतेय. तुम्ही सगळे वेगवेगळ्या नोकऱ्यांतले, आपापला अनुभव सांगा. सोमवारपर्यंत कळवायचंय.

सी-102
अभिनंदन!! मी म्हणेन 4.80. पुढच्या नोकरीत "सध्याचा पगार किती" विचारतात आणि त्यावरच आकडा ठरतो. सुरुवात मोठी हवी.

बी-201 काका
वहिनी, अभिनंदन. सी-102 म्हणतात ते खरं आहे, पण आधी 4.80 म्हणजे नक्की किती ते बघू. मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात 31 वर्षं टाइम ऑफिसला होतो, हजेरी-रजा-पगार हेच काम. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर फोड असते, त्याचा फोटो टाका.

ए-304 वहिनी
टाकलाय काका. बेसिक 20,000 लिहिलंय.

बी-201 काका
बघितलं. 4.80 लाख हा सीटीसी आहे, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, पगार नाही. महिन्याचे 40,000 झाले. त्यात कंपनीने भरायचा पीएफ 1,800 आहे. ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकचे 4.81 टक्के, म्हणजे 962 आहेत. आणि 'व्हेरिएबल' म्हणून वर्षाचे 48,000, म्हणजे महिन्याचे 4,000 आहेत, ते वर्ष संपल्यावर, कामगिरी बघून. हे सगळं वजा केलं की ग्रॉस राहतो 33,238. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात 31,238.

हालोलच्या पत्रात 32,000 हा ग्रॉस आहे, कंपनीचा पीएफ त्याच्यावर वेगळा. तिचा 1,800 आणि 200 कापून हातात 30,000.

म्हणजे फरक 8,000 चा नाही, 1,238 चा आहे. आणि ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही. दोन वर्षांत नोकरी बदलली तर ते 962 कागदावरच राहिले.

सी-102
अरे बापरे. माझ्या पत्रातही असंच असणार. उद्या काढून बघतो.

डी-401
वहिनी, मी अहमदाबादला दीड वर्ष काढलंय. रोज अपडाउन करायचं म्हटलं तर दारापासून दारापर्यंत तीन तास धरा. घर ते स्टेशन, गाडी, मग तिकडे स्टेशन ते ऑफिस. जाऊन-येऊन सहा. पीजीत राहिली तर राहणं-जेवण मिळून 10-12 हजार सहज जातात.

आणि 'पाच दिवस' बद्दल एक सांगतो. मी आता घरूनच काम करतो, क्लायंट अमेरिकेतला. कागदावर माझेही पाचच दिवस. पण त्यांचा शुक्रवार संपतो तेव्हा आपली शनिवारची पहाट झालेली असते. नोव्हेंबरात त्यांच्या थँक्सगिव्हिंगला दोन दिवस शांतता असते, आणि आपल्या पाडव्याला माझी रात्री साडेनऊची मीटिंग असते. विसर्जनाच्या दिवशी मी गेल्या वर्षी कानात इयरफोन घालून मिरवणुकीत चाललो होतो, सगळ्यांनी बघितलंय. पाच दिवस कोणाच्या कॅलेंडरचे, हे तिने नक्की विचारावं.

बी-201 काका
डी-401, हेच मला मांडायचं होतं. पगार महिन्याचा बघायचा नाही, तासाचा बघायचा. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ नोकरीचाच.

हालोल: सहा दिवस, आठ-आठ तास, 48. अमितनगर सर्कलवरून बसने साधारण तास, जाऊन-येऊन आठवड्याचे 12. एकूण 60, महिन्याचे 260 तास. 30,000 भागिले 260, तासाला 115 रुपये.
अहमदाबाद: पत्रात साडेनऊ तास लिहिलेत, पाच दिवसांचे साडेसत्तेचाळीस. अपडाउनचे 30. एकूण साडेसत्याहत्तर, महिन्याचे 336. 31,238 भागिले 336, तासाला 93. रेल्वेचा पास वेगळा.

ए-304 वहिनी
काका, हे मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. गप्प बसलेत.

ए-102 ताई
मी प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. वर्षाला 18 रजा लिहिलेल्या आहेत. पण रजेच्या अर्जावर "बदली कोण?" असा रकाना आहे आणि तो आपणच भरायचा. नाइट 12 तासांची. सगळ्या जणी दमलेल्या, कोणाला विचारणार? मे महिन्यात सख्ख्या भावाचं लग्न होतं. हळदीला गेले नाही. नाइट संपवून सकाळी साडेआठला युनिफॉर्मवरच रिक्षा केली, कार्यालयाच्या बाथरूममध्ये साडी नेसले आणि अक्षता टाकल्या. फोटोत माझ्या हातावर टेपची खूण दिसते.
म्हणून मुलीला एवढंच विचारायला सांगा, रजा 'आहेत किती' नाही, गेल्या वर्षी तिच्या जागेवरच्या माणसाने 'घेतल्या किती'.
आणखी एक, आत्ता विचित्र वाटेल पण विचारून ठेवावं. बाळंतपणाची पगारी रजा 2017 पासून 26 आठवडे आहे, आणि 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर लागतं. पाळणाघर खरंच आहे का, ते आत जाऊन बघावं.

बी-503
बँकेतलं सांगतो. लोकांना वाटतं आम्हाला सगळे शनिवार सुट्टी. नाही. 1 सप्टेंबर 2015 पासून फक्त दुसरा आणि चौथा शनिवार. बाकीचे शनिवार पूर्ण दिवस. पाच दिवसांच्या आठवड्याची मागणी जुनी आहे.
पण एक गोष्ट आमच्याकडे चांगली आहे. नाजूक जागी, म्हणजे करन्सी चेस्टसारख्या (नोटांचा साठा असतो त्या) ठिकाणी असलेल्यांना वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस कामापासून लांब ठेवायचं, तेही आधी न सांगता, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. हेतू फसवणूक पकडण्याचा आहे. पण मला त्यातूनच लग्नानंतर पहिल्यांदा सलग दहा दिवस मिळाले. कुठलंच तिकीट काढलेलं नव्हतं, घरीच राहिलो. मुलाला सायकल शिकवली.

सी-304
आमचे हे वीज कंपनीत लाइनवर आहेत. उत्तरायणला अख्खं बडोदं गच्चीवर आणि आमचे हे पोलवर. मांजा तारांत अडकतो, फीडर ट्रिप होतो, म्हणजे त्या भागाची वीज जाते. 14 आणि 15 जानेवारी रजा मागायचीच नाही, हे लग्न झालं तेव्हापासून माहीत आहे. बदल्यात नोकरी पक्की, पगार वेळेवर, मेडिकल मिळतं. मी तक्रार करत नाही, पण मुलं विचारतात.

ए-401 आजोबा
प्रतापनगरला रेल्वेत होतो. वर्षाला 30 एलएपी, म्हणजे पगारी रजा, त्या 300 पर्यंत साठतात, रिटायरमेंटला पैसे मिळतात. माझ्या पूर्ण 300 साठल्या होत्या. त्या पैशात हा फ्लॅट झाला.

डी-102 ताई
शिक्षकांना उन्हाळी सुट्टी असते असं कोणी म्हणण्याआधी लिहिते: पेपर, निकाल, प्रवेश, सर्वे, मतदार यादी. तरीही मान्य करते, मुलांबरोबर घरी असता येतं, ते फार मोठं आहे.

सी-203
मांडवीत कापडाच्या दुकानात आहे. आमच्याकडे पीएल-सीएल, म्हणजे पगारी रजा, काही नाही. दिवाळीनंतर लाभपाचमपर्यंत दुकान बंद, तीच वर्षाची सुट्टी. नवरात्रीआधी महिनाभर रात्री 11 होतात. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

बी-201 काका
सी-203, दादा, रात्री 11 पर्यंत थांबवतात त्या दिवसांची तारीख आणि वेळ घरी वहीत लिहून ठेवत जा. आपण निवांत बोलू.

आता वहिनींसाठी रजेचं नीट लिहितो, कारण माझ्या मनावर याचं ओझं आहे.

कारखान्यात नियम असा की 20 दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा. 1948 च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये त्यासाठी वर्षाला 240 दिवस भरावे लागत. नवीन लेबर कोड 21 नोव्हेंबर 2025 पासून आले, त्यात 180 केलेत. उरलेली रजा पुढच्या वर्षात नेता येते, पण 30 पर्यंतच. जुन्या कायद्यात त्यावरची लॅप्स, म्हणजे बुडायची; नवीन कोडमध्ये 30 च्या वरच्या रजेचे पैसे घेता येतात.

आमच्याकडे प्रत्येकाचं रजेचं कार्ड होतं, पिवळं, जाड. वर्ष संपलं की मी एकेक कार्ड घेऊन बसायचो आणि 30 च्या वर जे असेल त्यासमोर लाल पेनाने 'लॅप्स' लिहायचो. बॉयलरवर एक ऑपरेटर होता. 1990 च्या पुढे सलग अकरा वर्षं त्याच्या कार्डावर माझ्या अक्षरात लाल शेरा आहे. तो रजा मागायचा, पण तोंडी. "साहेब, गावी जाऊन येऊ का?" साहेब म्हणायचे, "आत्ता लोड आहे, नंतर बघू." नंतर कधी आलंच नाही.

आता कायदा काय म्हणतो बघा. 15 दिवस आधी लेखी अर्ज केला आणि तरी रजा नाकारली, तर ती लॅप्स होत नाही, कितीही साठली तरी पुढे जाते. नवीन कोडमध्येही हे ठेवलंय. मला हे कलम पाठ होतं. मी त्याला कधी सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं नाही आणि साहेबांना आवडलं नसतं. त्याची आई गावी वारली तेव्हा तो तिसऱ्या पाळीत होता.

आजोबांच्या 300 रजांमधून घर झालं, फार चांगलं झालं. पण त्या 300 दिवशी ते ड्यूटीवर होते, हेही त्यातच आलं.

म्हणून मुलीला सांगा, रजा नेहमी लेखी मागायची. मेलवर मागितली तरी चालेल, पण उत्तर जपून ठेवायचं.

ए-401 आजोबा
खरं आहे. मोठ्या मुलीच्या बारशाला मी नव्हतो.

सी-102
काका, गुजरातमध्ये आता 12 तासांची ड्यूटी करता येते ना? मग हालोलला तेच करतील.

बी-201 काका
2025 मध्ये राज्याने तशी मुभा दिली, बरोबर. पण आठवड्याची मर्यादा 48 तासच आहे आणि कामगाराची लेखी संमती लागते. 12 तास केले तर चार दिवसांत आठवडा भरतो. त्यावर काम घेतलं तर ओटी, म्हणजे जादा कामाचे पैसे, दुप्पट दराने.
इथे एक मेख आहे. हे सगळं 'वर्कर' ला. पत्रात 'ऑफिसर' किंवा 'एक्झिक्युटिव्ह' लिहिलं की बहुतेक ठिकाणी ओटी देत नाहीत. 32,000 तेच, नाव मोठं, तास वाढलेले. वहिनी, हालोलच्या पत्रात पद काय आहे?

ए-304 वहिनी
"ट्रेनी केमिस्ट" आहे. लेकीलाच ग्रुपमध्ये घेते, तीच बोलेल.

ए-304 (लेक), शनिवार संध्याकाळी 6.15
काका, आजोबा, ताई, सगळ्यांना नमस्कार. काल रात्री सगळं दोनदा वाचलं. आज दोन्हीकडे फोन केला.

अहमदाबादच्या मॅडमना विचारलं, माझ्या टीममध्ये गेल्या वर्षी किती रजा घेतल्या गेल्या? त्या म्हणाल्या, ही माहिती जॉइनिंगनंतर मिळेल. व्हेरिएबल गेल्या वर्षी किती टक्के दिलं, तेही जॉइनिंगनंतर.

हालोलला शिफ्ट दर आठवड्याला बदलते, पहिली आणि दुसरी. लॅबमध्ये मुलींना तिसरी पाळी नाही, हे मेलवर लिहून मागितलंय. ट्रेनी असेपर्यंत ओटी मिळतो, एका वर्षाने 'ऑफिसर' केलं की बंद. त्यांनी हे स्वतःहून सांगितलं. लॅबमधल्या एका ताईंशी बोलणं करून दिलं, त्यांनी गेल्या वर्षी 14 रजा घेतल्या आणि त्यातल्या सहा सलग. पाळणाघर आहे, पण त्या म्हणाल्या, बसमध्ये बाळ घेऊन कोणी येत नाही.

शनिवार सुट्टी नाही याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण मी हालोलला हो म्हणणार आहे. मेलचं उत्तर आलं की.

बी-201 काका
शाब्बास बेटा. उत्तर आलं की प्रिंट काढून ऑफर लेटरला टाच. आणि एका वर्षाने 'ऑफिसर' करतील तेव्हा पगार किती वाढवणार ते विचारल्याशिवाय सही करू नकोस. तेव्हा माझ्याकडे ये, परत हिशेब मांडू.

ए-304 वहिनी
पहिल्या पाळीची बस अमितनगरला पहाटे 5.50 ला आहे. एवढ्या लवकर रिक्षाचं कसं करावं?

सी-304
आमचे हे सकाळच्या पाळीला साडेपाचलाच निघतात, तिकडूनच जातात. तिला गेटवर उभं राहायला सांगा, ते सोडतील. उत्तरायणला मात्र नाही, त्या दिवशी ते चारलाच गेलेले असतात.