१७ तासांचा प्रवास आणि अनोळखी शहरातला पहिला दिवस: झोपावे की हिंडावे?

पूर्वाभिमुख (प्रश्न)

नमस्कार. पुढील महिन्यात मी वडिलांना घेऊन एका परदेशी शहरात जाणार आहे. ते शहर आम्हा दोघांनाही सर्वस्वी अनोळखी आहे. शहर पूर्वेकडे असून तेथील घड्याळ आमच्या घड्याळाच्या ८ तास पुढे चालते. मधला एक विमानबदल धरून प्रवास सुमारे १७ तासांचा होईल आणि विमान तेथे सकाळी ७ वाजता उतरेल. हॉटेलची खोली मात्र दुपारी ३ नंतरच ताब्यात मिळणार आहे. वडील सत्तरी ओलांडलेले आहेत. प्रकृती ठणठणीत आहे, परंतु एवढा लांबचा विमानप्रवास त्यांनी पूर्वी केलेला नाही. चौथ्या दिवशी सकाळी १० वाजता माझे एक महत्त्वाचे काम आहे, ज्यासाठी डोके ताजे असणे आवश्यक आहे.

नातेवाइकांकडून दोन अगदी उलट सल्ले मिळाले आहेत. एक पक्ष म्हणतो, उतरल्याबरोबर उन्हात हिंडायला लागा आणि रात्र होईपर्यंत पाठ टेकू नका. दुसरा पक्ष म्हणतो, आदल्या रात्रीपासूनचे भाडे भरून खोली घ्या आणि पोटभर झोपा. दोन्ही पक्ष आपापल्या अनुभवाची ग्वाही देतात, पण कारण कोणीच सांगत नाही. पहिला दिवस नेमका कसा घालवावा आणि का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तळटीप

पहिल्या दिवसाचा विचार विमानात बसल्यापासूनच सुरू करावा, कारण उतरताना जाणवणारा थकवा सगळाच जेट लॅगचा, म्हणजे शरीराचे घड्याळ नव्या वेळेशी न जुळल्याचा, नसतो. विमानाच्या आतील हवेचा दाब जमिनीवरच्या इतका ठेवलेला नसतो. तो साधारणपणे १८०० ते २४०० मीटर उंचीवरील ठिकाणी असतो तेवढा असतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० यांसारख्या नव्या विमानांत तो १८०० मीटरच्या आसपास राखता येतो, त्यामुळे तिकीट निवडण्यास अजून वाव असेल तर विमानाचा प्रकार पाहून घ्यावा. आतील हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खालीच राहते. घसा, डोळे आणि नाक त्यामुळेच चुरचुरतात. पाणी थोडे थोडे पीत राहावे. मद्य टाळावे, कारण त्याने झोप लवकर लागली तरी ती तुटक लागते.

वडिलांसाठी मार्गिकेलगतची जागा आताच राखून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार, ४ तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मूळ धोकाच अगदी लहान असल्यामुळे दुपटीनेही तो ६००० जणांत एक एवढाच भरतो. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र अधूनमधून उठून फेरी मारावी आणि बसल्या जागी पावले वरखाली करीत राहावे. पूर्वी गुठळी झाली असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हृदयविकार असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे इष्ट.

घटकापळे

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत, आणि उन्हात हिंडण्याचा सल्ला आपल्या बाबतीत सकाळच्या वेळेपुरता चक्क उलटा पडेल. याचे कारण थोडे सविस्तर सांगतो.

शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदाच्या अगदी वर असते आणि ते मुख्यतः प्रकाशावर जुळते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या घड्याळाचा स्वतःचा दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांचा आढळला, म्हणजे ते मुळातच किंचित मागे पडणारे आहे. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि तो शरीराला मानवतो. पूर्वेकडे जाताना तो आखडावा लागतो, म्हणून पूर्वेचा प्रवास जड जातो. ढोबळ हिशेब असा की पूर्वेकडे गेल्यावर शरीर दिवसाला साधारण एक तास सावरते.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रकाश घड्याळ पुढे ढकलेल की मागे, हे तो केव्हा डोळ्यांत शिरतो यावर ठरते. आपल्या नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचे तापमान दिवसातील नीचांकावर असते. त्या नीचांकाच्या आधीच्या काही तासांत प्रखर प्रकाश मिळाला तर घड्याळ मागे सरते, नंतर मिळाला तर पुढे. आपण घरी रात्री ११ ला झोपून सकाळी ७ ला उठता असे धरले, तर हा नीचांक पहाटे साडेचारच्या सुमारास येतो. नव्या शहरात तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतील. म्हणजे विमानतळावरून बाहेर पडून सकाळभर उन्हात फिरलात, तर आपले घड्याळ पुढे जाण्याऐवजी मागे जाऊ लागेल, आणि आपल्याला तर ते पुढे न्यायचे आहे. दुपारी १ पासून सूर्यास्तापर्यंतचा प्रकाश मात्र हवा तितका घ्यावा.

त्यामुळे माझा सल्ला असा: विमानतळाबाहेर पडताना दोघांनीही गडद चष्मा लावावा, दुपारपर्यंत आडोशाला राहावे, जमल्यास दीड तासाची झोप गजर लावून घ्यावी आणि १ वाजता हट्टाने बाहेर पडावे. कॉफी प्यायची असल्यास दुपारी दोनच्या आत प्यावी, कारण रक्तातील कॅफिन निम्मे होण्यास सुमारे ५ तास लागतात. रात्री दहाला थकव्याने झोप लागेल, पण मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजता जाग येण्याची दाट शक्यता आहे, कारण शरीराच्या हिशेबाने तेव्हा संध्याकाळ असेल. अशा वेळी दिवा आणि फोन बाजूला ठेवून पडून राहावे. मेलाटोनिनच्या गोळ्या काहींना उपयोगी पडतात; मात्र अनेक देशांत त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि वडिलांची इतर औषधे चालू असतील तर विचारल्यावाचून त्या देऊ नयेत.

उलटतपासणी

घटकापळे यांचा हिशेब पटला, पण तो पुढे नेला तर एक गोष्ट राहून जाते. दिवसाला एक तास या वेगाने तो नीचांक दुसऱ्या दिवशी साडेअकराला, तिसऱ्या दिवशी साडेदहाला आणि चौथ्या दिवशी साडेनऊला येईल. आपले काम आहे सकाळी १० ला! खुर्चीत बसाल तेव्हा शरीराची पहाट जेमतेम सरत असेल. मीटिंग दुपारी २ नंतर ठेवता आली तर पहिल्या दिवसाच्या कितीही काटेकोर आखणीपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. ते शक्य नसेल तर निघण्यापूर्वीचे काही दिवस रोज पाऊण-एक तास लवकर झोपून लवकर उठावे आणि उठल्याबरोबर प्रकाशात जावे.

आदल्या रात्रीच्या भाड्याविषयी माझे मत इतरांहून थोडे वेगळे आहे. एकटा तरुण प्रवासी असता तर मी पैसे वाचवा म्हटले असते. येथे वडील आहेत, त्यांच्या शरीराला तेव्हा रात्रीचे ११ वाजल्यासारखे वाटणार आहे, आणि खोलीवाचून दुपारपर्यंत आडोसा शोधत बसण्याची वेळ त्यांच्यावर आणू नये. खोली घ्यावी, फक्त तिचा उपयोग पोटभर झोपेसाठी करू नये.

पूर्वाभिमुख

सर्वांचे आभार. काम दुपारी घेता येईल का, याची विचारणा आजच करतो. खोलीही आदल्या रात्रीपासून घेईन. एक शंका उरते: उतरल्यापासून खोलीत पोहोचेपर्यंतचे जे दोन-तीन तास असतात, त्यांची अधिक धास्ती वाटते. डोके जड असताना अनोळखी जागी निर्णय घ्यावे लागतील.

सामानसुमान

ते निर्णय घरीच घेऊन टाकावेत, म्हणजे तेथे फक्त अंमल करणे उरते. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत ना, हे प्रथम पाहा. तसे असेल आणि पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले, तर पुढची सोय सामान्यतः विमान कंपनी करते, तिकिटे वेगवेगळी असतील तर तो भुर्दंड आपला. बॅगा थेट शेवटच्या शहरापर्यंत लावल्या आहेत का, हे चेक-इन काउंटरवर विचारून टॅगवरील शहराचे सांकेतिक अक्षर स्वतः वाचावे. काही देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेत, पहिल्याच विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते. विमान बदलताना त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही आधीच तपासावे.

वडिलांची औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातील बॅगेतच ठेवावीत. पॉवर बँकही तेथेच, कारण सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या सामानात चालत नाही आणि १०० वॉट-तासांवरील क्षमतेसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. बॅग पट्ट्यावर आलीच नाही, तर त्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वी काउंटरवर लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. १९९९ च्या माँट्रियल कराराखाली सामान मोडले-फाटले असेल तर ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाले असेल तर २१ दिवसांत लेखी कळवावे लागते; पण हातात तो कागद असला की पुढचे सारे सोपे जाते.

हॉटेलचा पत्ता स्थानिक लिपीत कागदावर छापून दोघांच्याही खिशात असावा, आणि शहराचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला असावा. टॅक्सी अधिकृत रांगेतूनच घ्यावी. आत येऊन विचारणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा. कार्डाने पैसे देताना किंवा एटीएममधून काढताना यंत्र आपल्याच देशाच्या चलनात रक्कम दाखवू का असे विचारेल, तेव्हा स्थानिक चलन निवडावे, कारण यंत्राने लावलेला दर बहुधा महाग पडतो.

व्हीलचेअरची मागणी तिकिटासोबतच नोंदवता येते. वडील चालते-फिरते आहेत म्हणून संकोच करू नका. मोठ्या विमानतळांवर विमान बदलताना चालावे लागणारे अंतर बरेच असते, आणि मदतनीस सोबत असला की सुरक्षा तपासणी व इमिग्रेशन येथील वाट शोधण्याचे काम आपल्या डोक्यावरून उतरते.