मदत हवी आहे: भाचीला फुटबॉल पत्रकार व्हायचंय

नमस्कार मंडळी. माझी भाची नागपुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला फुटबॉलवर लिहायचं आहे, पुढे पुस्तकही करायचं आहे. क्रिकेट म्हटलं असतं तर चार ओळखी निघाल्या असत्या, पण फुटबॉल म्हटल्यावर घरचे म्हणतात, काहून बाप्पा हा नाद?

तिच्यासमोर नोव्ही कपाडियांचं उदाहरण आहे. दिल्लीच्या खालसा कॉलेजात इंग्रजी शिकवत त्यांनी आयुष्यभर फुटबॉलवर लिहिलं, समालोचन केलं, आणि २०१७ साली 'बेअरफूट टू बूट्स' हा भारतीय फुटबॉलचा इतिहास आणला. म्हणजे पोटापाण्याची सोय वेगळी आणि फुटबॉल वेगळा. मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. तिला मात्र थेट पत्रकारिताच करायची आहे.

विषयांची इथे वानवा नाही. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणारी विजय बारसे सरांची 'स्लम सॉकर' संस्था इथलीच. त्यांच्यावरचा 'झुंड' सिनेमा आल्यापासून लोक तेवढंच बोलतात, पण मोमीनपुऱ्यातल्या जुन्या खेळाडूंना कोणी विचारलंय का?

तर जाणकारांनो, सांगा:
नागपूर विद्यापीठाचा जनसंवादाचा अभ्यासक्रम करावा, की आधी एखाद्या दैनिकाच्या क्रीडा पानावर उमेदवारी करावी? मराठीत फुटबॉलच्या लेखनाला मानधन मिळतं का, की इंग्रजीकडे वळावंच लागतं? आणि स्थानिक सामन्यांच्या जुन्या बातम्यांची कात्रणं कुठल्या ग्रंथालयात चाळायला मिळतील? क्रीडा पानावर काम केलेलं कोणी तिच्याशी अर्धा तास बोलायला तयार असेल तर कमेंटमध्ये कळवा. ती धंतोलीत राहते, संध्याकाळी कुठेही येऊ शकते.