जुन्या नाण्यांची साठवण आणि वावरात सापडलेली शिवराई : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

वाशीम जिल्ह्यातील एका लहान गावात आम्ही राहतो आणि आमच्या घरात नाण्यांचा नाद सध्या तीन पिढ्यांना आहे. आजीकडे पितळी डब्यात बंदे रुपये आणि ढब्बू पैसे आहेत, मी इंग्रजांच्या काळातील तांब्याची नाणी जमवतो आणि पाचवीत शिकणारी माझी मुलगी भिंग घेऊन चालू नाण्यांवरील सालाखालची टांकसाळीची खूण शोधत बसते. चौकट दिसली की मुंबई, तारा दिसला की हैदराबाद, टिंब असले की नोएडा आणि काहीच नसले की कोलकाता, एवढे तिला पाठ झाले असून किराण्यातून आलेली चिल्लर तिच्या हाताखालून गेल्याशिवाय डब्यात पडत नाही.

माझी मुख्य अडचण साठवणीची आहे. मऊ, पारदर्शक कप्प्यांच्या अल्बममध्ये ठेवलेल्या पाव आण्याच्या नाण्यांवर पावसाळ्यानंतर हिरवट थर दिसू लागला आहे. तो बोटाला चिकट लागतो आणि कप्प्याच्या आतल्या बाजूसही उमटला आहे. १९४३ च्या भोकाच्या पैशावर मात्र, तो कागदाच्या पुडीत असल्यामुळे असेल, असे काही नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली तापते आणि श्रावणात भिंतींना ओल येते, त्यामुळे शहरातील संग्राहकांचे सल्ले इथे कितपत लागू पडतील, याची शंका वाटते.

आजीचे म्हणणे असे की, देवाची भांडी घासतो तशी ही नाणी चिंच लावून लख्ख करावीत. मी विरोध केला आहे, पण तिला पटेल असे कारण मला सांगता आलेले नाही. शिवाय पंचम जॉर्जच्या दोन रुपयांना माळेत ओवण्यासाठी कधीकाळी कडी डाखलेली आहे, ती सोनाराकडून काढून घ्यावी का?

शेवटचा प्रश्न वेगळा आहे. मृगापूर्वी वावर वखरताना तांब्याचे एक जाड, वेडेवाकडे नाणे वर आले. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे लागतात. ते घरी ठेवण्यास कायद्याची काही आडकाठी आहे का?

प्रतिसाद १

तो चिकट थर बहुधा अल्बमच्या प्लास्टिकचा आहे. मऊ पीव्हीसी उष्णतेने हळूहळू विघटित होते आणि त्यातून सुटणारे आम्ल तांब्यावर हिरवा लेप धरते, त्यामुळे तुमच्याकडचा उन्हाळा याला अधिकच पोषक. आजच सगळी नाणी त्यातून काढा. चिकटपणा शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून सुटतो (नखाचा रंग काढायचे सुगंधी द्रावण चालणार नाही, आणि हे काम उघड्यावर, चुलीपासून दूर करावे). नंतर न घासता सुकू द्यावे. पुढे पॉलिस्टरची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर वापरावेत, डब्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकावी आणि तो डबा ओल्या भिंतीच्या कपाटात ठेवू नये. रबरबँड मुळीच गुंडाळू नये, त्यातील गंधकाने चांदी काळी पडते.

आजींना असे सांगून पाहा की चिंचेतील आम्ल मळाबरोबर धातूचा वरचा पापुद्राही नेते, उठावाची बारीक रेषा झिजते आणि जाणकार असे नाणे लांबूनच ओळखून किंमत पाडतो. कडी काढण्याच्या फंदात पडू नका. डाखाचा डाग राहतोच, शिवाय आच लागून रंग बदलतो. आणि माळेतला रुपया हा घराचा इतिहास म्हणून मला तरी अधिक आवडतो. त्या काळचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे ९२ टक्के चांदीचा असे, तर १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. त्यामुळे कडीचे वजन वगळल्याशिवाय काट्यावरून खऱ्या-खोट्याचा निष्कर्ष काढू नये.

प्रतिसाद २

शिवराई सापडली म्हणजे ती शिवकाळातीलच, असे मुलीला सांगू नका. हाच मजकूर असलेली नाणी पेशवाईतही पडत राहिली आणि एकोणिसाव्या शतकातही ती बाजारात चालत होती. अक्षरांची ठेवण आणि मधल्या रेघा यांवरून प्रकार ठरतो, तेव्हा दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातील छायाचित्र, वजन आणि व्यास इथे द्यावा. माती सुकी असतानाच खरवडू नका. नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवून पाणी बदलत राहावे.

कायद्याचे म्हणाल तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. एकटे नाणे असले तरी छायाचित्रासह साधा अर्ज देऊन पोच घ्यावी. वखराच्या त्याच ओळीत आणखी नाणी निघाली, तर मात्र वखर थांबवून जागा तशीच ठेवा आणि लगेच तहसीलला सांगा. तुमच्याच जिल्ह्यातील तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला आणि त्यातून काही राजांची नावे प्रथमच कळली; एकत्र राहिल्यामुळेच ते शक्य झाले.

आणि अशी छायाचित्रे सर्वत्र टाकताना जपा. नाणे लाखोंना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा, असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच कळवले आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि असे शुल्क कधीही मागत नाही.