मदत हवी आहे: फीचर फ्रीझनंतरच्या अपवादांच्या विनंत्या कशा हाताळाव्यात?

मुक्त स्रोत प्रकल्प आहे, दर ६ महिन्यांनी आवृत्ती निघते. फ्रीझ (यानंतर नवीन फीचर घेणं बंद) ते रिलीझ ४ आठवडे. फ्रीझ लागला की ‘एवढं एकच घ्या’ म्हणत पुल रिक्वेस्टची (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या अशा विनंत्यांची) रीघ लागते. सध्या चॅटवर जो मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) हजर असेल तो बदल मर्ज करून टाकतो, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळतो, आणि परवानगी कुणी, का दिली हे नंतर सापडत नाही. विनंतीत काय मागावं? निर्णय कुणाचा? मंजूर झालेलं काम वेळेत आलंच नाही तर?

प्रतिसाद १

आधी हे चॅटवरून हलवा. एक अपवाद म्हणजे ट्रॅकरवर (जिथे बग आणि कामं नोंदवतात) एक इश्यू, म्हणजे एक नोंद, वेगळं लेबल. उबुंटूत लाँचपॅडवर (त्यांचा ट्रॅकर) बग नोंदवून रिलीझ टीमला त्यावर सबस्क्राइब करतात. डेबियनमध्ये अनब्लॉक (फ्रीझमध्ये पॅकेज आत घेण्याची परवानगी) मागताना डेबडिफ (पॅकेजच्या दोन आवृत्त्यांमधला फरक) जोडतात, म्हणजे नुसतं वर्णन न वाचता प्रत्यक्ष फरक तपासता येतो.

इश्यूत एवढं हवंच: बदल आत्ता का हवा, कोणते मॉड्यूल बदलतात, नवीन डिपेंडन्सी (बाहेरची लायब्ररी) आहे का, चाचण्यांचा निकाल, रिव्ह्यू करणाऱ्या दोघांची लेखी तयारी आणि काढून टाकायची वेळ आली तर कसं काढणार. शेवटचा मुद्दा बहुतेक विनंत्यांत नसतो, माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. फीचर किती उपयोगी आहे यावर वाद घालत बसू नका; उपयोगी तर सगळीच असतात. ते बिघडलं तर किती लवकर बाहेर काढता येईल, हे पाहा.

निर्णय रिलीझ मॅनेजरचा. विनंती त्याचीच असेल तर दुसऱ्या मेंटेनरचा. मंजुरीतच मुदत लिहा: ४ आठवड्यांच्या फ्रीझमध्ये फार तर पहिला आठवडा. तोवर मर्ज झालं नाही तर मंजुरी आपोआप रद्द आणि काम पुढच्या आवृत्तीत. मुदतवाढ देऊ नका. घाईत झालेला रिव्ह्यू नेमका तिथेच होतो.

प्रतिसाद २

काढून टाकण्याबद्दल थोडं. शक्य असेल तर फीचर फ्लॅगमागे (चालू-बंद करायच्या सेटिंगमागे) ठेवा, डीफॉल्ट बंद. डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेत बदल) असेल तर अपवाद देऊच नये. कोड मागे घेता येतो, पण ज्यांनी बीटा चालवली त्यांचा स्कीमा (डेटाबेसची रचना) बदललेला असतो.

गिटमध्ये मर्ज कमिट (दोन ब्रँच जोडणारी नोंद) रिव्हर्ट करताना, म्हणजे उलटवताना, एम १ (-m 1) हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर कोणत्या पालकाच्या (जोडलेल्या दोन कमिटपैकी एकाच्या) बाजूने उलटवायचं हे गिटला कळत नाही. पुढे तीच ब्रँच पुन्हा मर्ज केली तर जुने बदल परत येत नाहीत, कारण ते कमिट इतिहासात आधीच असतात. आधी त्या रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो. पुढच्या आवृत्तीत ‘फीचर अर्धवटच आलं’ अशी तक्रार आली, तर हेच कारण आधी तपासा.

धागाकर्ता

आभार. फक्त बटणावरचा मजकूर बदलायचा असेल तर? तो लहान बदल म्हणून सोडून देऊ का?

प्रतिसाद १

नको. गेटटेक्स्ट (भाषांतरं सांभाळणारी साधनं) वापरत असाल तर मूळ वाक्यात एक शब्द बदलला तरी भाषांतराच्या फायली पुढच्या वेळी नव्या मजकुराशी जुळवताना त्याचं भाषांतर ‘फझी’ (पुन्हा तपासायला हवं असं) होतं. फझी नोंदी एमएसजीएफएमटी (भाषांतरं प्रोग्रॅमला वापरता येतील अशा फायलीत बदलणारी गेटटेक्स्टची आज्ञा) डीफॉल्टने वगळतो, त्यामुळे सगळ्या भाषांत तिथे मूळ इंग्रजी दिसतं. मजकुराचा फ्रीझ वेगळा जाहीर करा आणि तो मोडायचा असेल तर मंजुरीआधी भाषांतर गटाला त्याच इश्यूवर विचारा.