पदरमोड करून काढलेली पुस्तकं : तुमच्या हाती कोणतं आलं?

गेल्या महिन्यात माळा आवरताना एक खोकं निघालं. आत २१ पुस्तकं, आणि त्यातलं एकही मी विकत घेतलेलं नाही. कुणाच्या एकसष्टीला वाटलेली, निवृत्तीच्या समारंभात पेढ्यांच्या पुड्याबरोबर हातात पडलेली, एक तर बारशाच्या रिटर्न गिफ्टमध्ये आलेलं. मुखपृष्ठावर उगवता सूर्य नाहीतर समई. पहिल्या दहा-बारा पानांत शुभेच्छा, आमदारांपासून माजी मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या. मग ऋणनिर्देश, त्यात डीटीपी करणाऱ्या मुलापासून धाकट्या जावयापर्यंत कुणी सुटलेलं नाही. प्रकाशक म्हणून लेखकाच्या बायकोचं नाव आणि घरचा पत्ता.

रद्दीवाल्याला द्यायची म्हणून खाली काढली आणि दिवेलागणीपर्यंत तिथेच फरशीवर बसून वाचत राहिले. त्यात रत्नागिरीकडच्या एका निवृत्त पोस्टमनचं पुस्तक होतं. सतरा प्रकरणं अध्यात्मावर आणि मध्येच, वाट चुकून आल्यासारखी, चार पानं मनीऑर्डरवर. मुंबईहून पैसे यायचे, खाली कुपनावर दोन-चार ओळींचा मजकूर असायचा, तो घरच्या बाईला वाचून दाखवायचं काम यांचं. ‘मिरगाआधी घर शाकारून घे’ एवढंच लिहिलेलं, पण ती तीनतीनदा वाचायला लावायची. आणि ज्या घरची मनीऑर्डर दोन-तीन महिने आलेली नसेल, त्या घरावरून जाताना हे सायकलवरून उतरायचे, घंटी तळहाताने दाबून धरायचे आणि चालत पुढे जायचे. दगडधोंड्यांवर ती आपोआप किणकिणायची ना, म्हणून.

लेखकाने पुस्तक काढलं अध्यात्मासाठी, मला मिळालं घंटीचं पान. तुमचं पान कोणतं, ते ऐकायचंय. पुस्तक हाती कसं आलं, काय लक्षात राहिलं, कुठे खाली ठेवावंसं वाटलं, एवढं पुरे. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव मात्र नको. हे लेखक आपल्यापैकीच कुणाचे तरी काका-मामा असतात. नाव नसलं की कौतुकही खरं येईल आणि टीकाही.

डोंबिवलीहून

कापड गिरणीत वडिलांच्या खात्यातल्या एका साचेवाल्याचं, म्हणजे माग चालवणाऱ्याचं, ९६ पानांचं. लेखकाच्या पंच्याहत्तरीला त्याच्या मुलीने छापून घेतलं. गिरणी संप म्हटलं की लोक १८ जानेवारी १९८२ शोधतात, दत्ता सामंतांची भाषणं शोधतात. ते सगळं यात दीड पानात आटोपलंय. जास्त जागा आहे बदली कामगाराच्या, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतात त्याच्या, सकाळीला. हातात बदली पास घेऊन गेटवर उभं राहायचं, जॉबरची, म्हणजे कामावर घेणाऱ्या मुकादमाची, नजर आपल्यावर पडावी म्हणून थोडं पुढे सरकायचं, पण फार पुढे नाही. साच्यांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून माणसं एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. लेखक लिहितो, की त्यामुळे चाळीत समोरच्या गॅलरीतलं भांडण त्याला आवाज न येताही कळायचं.

कविता तीस पानं आहेत. ‘निशाण’ला ‘महान’ आणि ‘महान’ला ‘निशाण’. त्या मी ओलांडल्या.

पण शेवटचं परिशिष्ट वाचा. खानावळवाल्या मावशींची संपाच्या पहिल्या सहा महिन्यांतली उधारी, त्यांच्या वहीवरून उतरवलेली. नावाचं पहिलं अक्षर, गाव, रक्कम. ४१ माणसं. ज्यांनी पुढे फेडली त्यांच्यापुढे फुली आहे, अशा १९ फुल्या. लेखकाच्या स्वतःच्या अक्षरापुढे फुली नाही, आणि त्याबद्दल पूर्ण पुस्तकात एक शब्दही नाही.

पुण्याहून, थोडक्यात

भयकथा, फक्त ई-बुक, ४९ रुपये. वाडा, विहीर, अमावस्या, सगळं आहे आणि बरं जमलंय. पण लेखकाने जुन्या फाँटमधला मजकूर यूनिकोडमध्ये फिरवला आणि तपासला नाही. सगळे रफार एकेक घर पुढे सरकलेत. ‘सर्वत्र गर्द अंधार’ची झालीय ‘सवर्त्र गदर् अंधार’. ऐन प्रसंगी भूत म्हणतं, ‘मी पूवीर् इथेच राहत होते.’ मी हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. मूळ कथा खरंच चांगली आहे हो, कुणीतरी दोन संध्याकाळी बसून दुरुस्त करा.

फोंड्याची माहेरवाशीण, सध्या मुंबई

आमचा कुलवृत्तांत. पहिली आवृत्ती आजोबांच्या काळातली, दुसरी माझ्या चुलतभावाने चार वर्षं फोन करकरून तयार केली. पहिली २५ पानं पुराणातली. मग १५६० च्या सुमाराची हकिगत: पोर्तुगीजांच्या जाचामुळे मंगेशाला कुशस्थळीहून रातोरात प्रियोळला कसं हलवलं आणि त्यामागोमाग घराणी कशी निघाली. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे भरभर पानं उलटली.

थांबले ती वंशावळीपाशी. जुन्या आवृत्तीत मुलग्यांना नाव, जन्मसाल, शिक्षण, हुद्दा. मुलींना ‘कन्या ३, विवाहित’. बस्स. तिघींना मिळून एक ओळ, आणि तिच्यापुढे रेघ संपते. नव्या आवृत्तीत भावाने नावं घातली, सासरचं आडनाव घातलं, हे खरं. पण रेघ तिथेच संपते. आमची मुलं दुसऱ्यांच्या कुलवृत्तांतात, असा हिशोब. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘अगो, मग पुस्तक संपणारच ना कधी!’ खोटं नाही ते. शेवटी माझ्या प्रतीत मीच पेन्सिलीने सात आत्यांच्या पुढे रेघा ओढल्या. समासात मावेनात म्हणून एक कागद डकवलाय.

पुस्तक म्हणून विचाराल तर बांधणी दणकट, अनुक्रमणिका भिकार.

तासगाव

मी पुस्तकं वाचणारा माणूस नाही. हे वाचलं कारण शेजारच्या मळ्यातल्या आण्णांनी लिहिलंय. तीस वर्षांच्या द्राक्षबागेची टिपणवही, जवळपास जशीच्या तशी छापलेली. एप्रिलची खरड छाटणी कधी घेतली, ऑक्टोबर छाटणी कधी, त्यानंतर कितव्या दिवशी काय मारलं. काही औषधांवर आता बंदी आहे, त्यामुळे आंधळेपणाने मागे जाऊ नका. वाक्यंही अर्धवट आहेत. ‘दि. ११. ढग. पोटात गोळा.’ हे अख्खं एक पान. २००९ चा नोव्हेंबर आहे तो, फयान वादळाचा. बाग फुलोऱ्यात असताना तसला पाऊस म्हणजे गळ आणि कूज दोन्ही, मग लिहायला राहतं काय?

बोर्डोची, म्हणजे बुरशीवर मारायच्या द्रावणाची, गोष्ट मात्र सोन्यासारखी. एक टक्क्याला किलो मोरचूद, किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे सगळेच सांगतात. चुना पुरेसा झाला की नाही ते ओळखायला आण्णा लोखंडी विळा द्रावणात बुडवायला सांगतात. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर पानं भाजतील. हे मी गेल्या हंगामात केलं. पहिल्यांदा विळा लालसर आला.

किंमत छापलीय १५० रुपये. आण्णांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, दोन पेट्या द्राक्षं घेतली.

टोरांटो

आजीच्या बहिणीचं पाककृतींचं पुस्तक. स्पायरल बाइंडिंग, झेरॉक्स केलेलं, हळदीचे डाग मूळ वहीतले तेसुद्धा झेरॉक्समध्ये करडे होऊन उतरलेत. सगळं चिपट्या-मापट्यात. फणसाच्या सांदणांपाशी लिहिलंय, ‘बरक्याचा रस. किती घ्यायचा ते फणस सांगेल.’ इथल्या दुकानात डब्यातला कापा, म्हणजे कडक गऱ्यांचा फणस मिळतो, तोही पाकातला. तो काही सांगत नाही.

तिच्या मुलाने, इंजिनिअर तो, मागे एक तक्ता जोडलाय. चिपटं म्हणजे पाव शेर, इथवर ठीक. पुढे ‘मूठ = ४० ग्रॅम’, ‘चिमूट = अमुक’, ‘हाताला लागेल इतकं = १० मि.ली.’! मावशीआजीचा हात केवढा होता ते मला आठवतं. तक्त्याप्रमाणे मेथी घातली आणि लाडू इतके कडू झाले की कुणी तोंडात धरेना. तक्ता फाडलाय, पुस्तक ठेवलंय.

नाशिकहून एक भटक्या

४० पानांची, पिना मारलेली किल्ल्यांची पुस्तिका. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले गेल्यापासून गुळगुळीत कागदाची पुस्तकं पैशाला पासरी झालीत. साल्हेरचा फोटो सगळ्यांत, उंची १५६७ मीटर सगळ्यांत. या माणसाने मात्र प्रत्येक गडावरच्या पाण्याच्या टाक्या दोनदा जाऊन पाहिल्यात, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात, आणि नुसतं लिहिलंय ‘आहे’, ‘गाळून’, ‘नाही’. इतिहास शून्य. मला तेवढाच हवा होता.

परभणीहून, मी स्वतःच गुन्हेगार

इथे सगळे वाचक दिसतात, तर जरा पलीकडच्या बाजूनेही ऐका. माझा कथासंग्रह, ५०० प्रती, दिवाणाखाली ३४०.

सुरुवातीला ज्या शुभेच्छांची थट्टा केलीत, त्यांचं कारण सांगतो. छपाई १६ पानांच्या फॉर्मवर चालते. माझा मजकूर झाला १३१ पानं. मुद्रक म्हणाले, आठ फॉर्म म्हणजे १२८. तीन पानं काढा, नाहीतर नऊ फॉर्म घ्या, म्हणजे १४४, आणि १३ पानं भरा. कथेतली तीन पानं काढायला जीव होईना. मग १३ पानं कशाने भरणार? अभिप्राय! ज्यांनी कथा वाचल्याच नव्हत्या त्यांच्याकडून मागून आणले.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, एका एजंटाने साडेतीन हजार घेतले. पुढे कळलं, की दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी तो नंबर फुकट देते आणि अर्ज घरबसल्या करता येतो. तुमच्यापैकी कुणी पुस्तक काढत असेल तर निदान हे पैसे वाचवा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरच्या ९७ व्या साहित्य संमेलनाला ५० प्रती पाठीवरच्या सॅकमधून नेल्या. ओळखीच्या एकाच्या गाळ्यावर कोपऱ्यात वीतभर जागा मिळाली. तीन दिवसांत ११ खपल्या, त्यातल्या चार मेहुण्याने घेतल्या. एक बाई मात्र उभ्या उभ्या आख्खी कथा वाचून गेल्या आणि पुस्तक परत ठेवताना म्हणाल्या, ‘शेवट बदला.’ घरी येऊन पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. आता ३४० प्रतींत चुकीचा शेवट आहे.

१९५४ चा कायदा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना स्वखर्चाने धाडायची असते. मी धाडली. चेन्नईत माझं पुस्तक असेल, आमच्या तालुक्याच्या वाचनालयात नाही.

इंदापूर तालुक्यातून, ग्रंथपाल

परभणीच्या दादांना उत्तर: आमच्याकडे आणून दिली असती तर दाखल करून घेतली असती. भेट आलेल्या पुस्तकांना आम्ही नाही म्हणत नाही. अडचण कपाटाची आहे. ‘ब’ वर्गाचं वाचनालय, अनुदान केव्हा येईल तेव्हा, आणि भेटीची पुस्तकं दर आठवड्याला. बहुतेक कवितासंग्रह. दाखल नंबर पडतो, शिक्का बसतो, आणि मग ते पुस्तक पुन्हा कुणी उघडत नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण देवघेवीची नोंद मीच ठेवते.

एक पुस्तक मात्र आम्ही घरी न्यायला देत नाही, इथेच बसून बघायचं. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाचा इतिहास, त्याच गावच्या निवृत्त गुरुजींनी लिहिलेला. धरण पूर्ण झालं १९८० साली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, ते बघायला लांबून माणसं येतात. या गावाचं काही वर येत नाही, आलंच तर चौथऱ्यांचे दगड.

मजकूर म्हणाल तर बेताचा. ‘आमचे गाव भीमामाईच्या कुशीत वसलेले होते’ पासून सुरुवात, आणि पुढारी मंडळींचे आभार जागोजागी. पण मध्ये घडी घातलेला नकाशा आहे. गुरुजींनी आठवणीतून काढलेला, घर न घर. कुणाचा उंबरा कुठल्या दिशेला, आड कुठे, तालीम कुठे, चावडी कुठे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की म्हातारी माणसं येतात, टेबलावर नकाशा उलगडून बसतात आणि बोट ठेवून भांडतात. ‘आमच्या वाड्याला मागून दार होतं, मास्तर विसरला.’ चावडीच्या जागी कागद बोटांनी काळा पडलाय, आता तिथलं नाव वाचता येत नाही. घडीवर मी दोनदा चिकटपट्टी लावलीय. गुरुजी स्वतः येतात तेव्हा लोकांच्या तक्रारी ऐकून घेतात आणि पेनाने दुरुस्ती करतात. छापील प्रत एक सांगते आणि आमची प्रत दुसरंच.

डोंबिवलीहून, पुन्हा

ताई, माझ्या आईचं आजोळ तिकडचंच, पाण्यात गेलेलं. गावाचं नाव तुम्हाला वेगळं कळवते. वेशीतून आत शिरलं की डाव्या हाताला मोठी चिंच आणि चिंचेला लागून त्यांचं घर, असं ती सांगते. एवढं बघाल का?

इंदापूर तालुक्यातून, ग्रंथपाल

आज बघितलं. घर आहे. चिंच गुरुजींनी उजव्या हाताला दाखवलीय. आईंना घेऊन या, रविवारी गुरुजी असतात.