मदत हवी आहे: राळ्याचा बिसी बेळे भात एकाच कुकरमध्ये कसा जमवावा?

सायली_सोलापूर

नमस्कार मंडळी,

बाबांच्या नोकरीची बरीच वर्षं धारवाड आणि बंगळुरात गेली. बिसी बेळे भात, म्हणजे डाळ, भाज्या, चिंच आणि मसाला घालून केलेला कर्नाटकी भात, हा त्यांचा जीव की प्राण. लालबागजवळच्या एमटीआर हॉटेलमध्ये रांग लावून खाल्लेल्या भाताची चव ते अजून वर्णन करून सांगतात. आता मधुमेहामुळे डॉक्टरांनी पांढरा भात कमी करायला सांगितलाय आणि तेव्हापासून त्यांचं जेवणावरचं मनच उडालंय. म्हणून तांदळाऐवजी राळा हे भरडधान्य घालून हाच पदार्थ त्यांना नियमित मिळावा असं मला फार वाटतं.

बाबा एकटे राहतात. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना तीन घरं करायची असतात, म्हणून एका कुकरमध्ये उरकेल अशीच कृती हवी. भिजवणं वगैरे बाबा आधी करून ठेवू शकतात.

सध्याची पद्धत अशी: १ वाटी राळा, अर्धी वाटी तूरडाळ, फरसबी, गाजर, मटार, शेंगदाणे, चिंचेचा कोळ, विकतचा मसाला आणि ४ वाट्या पाणी. सगळं एकदम कुकरला लावून ४ शिट्ट्या. यात डाळ कचकचीत राहते, भाज्यांचा मात्र लगदा होतो. कुकर उघडल्यावर बरं दिसतं, पण बाबा जेवायला बसेपर्यंत गोळा घट्ट झालेला असतो. शिवाय मागून किंचित कडवटपणा जाणवतो. आमच्याकडे राळा भोगीला शिजायचा, तोही मोकळा, त्यामुळे डाळीबरोबरचं त्याचं वागणं मला माहीत नाही.

पाणी किती घ्यावं? राळा बदलून दुसरं काही घ्यावं का? आणि मसाल्यात सगळीकडे मराठी मोग्गु लिहिलेलं असतं, ते नसेल तर काय करायचं?

नीरफणस

सायली, सासर म्हैसूरचं असल्याने हा पदार्थ आमच्याकडे सतत होतो. आधी मुख्य गोष्ट सांगते. डाळ शिजायच्या आत चिंच पडली की डाळ शिजत नाही, मग शिट्ट्या कितीही वाढवा. चिंच नेहमी शेवटी.

दुसरं, डाळ फारच कमी घेताय. बिसी बेळेचा जीव डाळीत असतो. १ वाटी राळ्याला निदान पाऊण वाटी डाळ घ्या, मी तर बरोबरीने घेते.

तूरडाळ अर्धा तास गरम पाण्यात आणि राळा वेगळ्या भांड्यात तासभर भिजू दे, हे काम बाबांचं. मावशींनी आल्याबरोबर डाळ, शेंगदाणे, हळद, चमचाभर तेल आणि ३ वाट्या पाणी घालून कुकर लावायचा, ४ शिट्ट्या. तोवर भाज्या चिरून होतात. वाफ गेली की त्याच कुकरमध्ये डाळ रवीने घोटायची, त्यात निथळलेला राळा, भाज्यांचे मोठे तुकडे, मीठ आणि ३ वाट्या कढत पाणी घालून तळापासून ढवळायचं. १ शिट्टी, मग ५ मिनिटं मंद आंच, बस. उघडल्यावर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, अडीच-तीन चमचे मसाला, सुपारीएवढा गूळ आणि आणखी वाटीभर कढत पाणी. न झाकता ८-१० मिनिटं रटरटू द्यायचं. चिंचेचा कच्चा वास गेला पाहिजे, ही पायरी घाईत उरकू नका. वरून तुपात मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि थोडे काजू.

गॅस बंद करताना तो तुम्हाला पातळ वाटायला हवा, पळीतून सरळ ओघळेल इतका. राळा नंतरही पाणी पीत राहतो, त्यामुळे कुकरमध्येच दाट दिसला तर पानात गोळाच होणार. एकूण पाणी ७ वाट्या धरा.

भाज्यांत नवलकोल घालून बघाच. फरसबी-गाजर सगळेच घालतात, पण नवलकोल आणि सांबाराचे छोटे कांदे यांनी इथली चव येते.

मसाला घरी करायचा तर ८-१० ब्याडगी मिरच्या, ३ चमचे धणे, २ चमचे हरभरा डाळ, १ चमचा उडीद डाळ, पाव चमचा मेथी, १ चमचा खसखस, दालचिनीचा बोटभर तुकडा, ३-४ लवंगा, २ मराठी मोग्गु आणि मूठभर सुकं खोबरं. सगळं वेगवेगळं मंद भाजायचं, मेथी करपली तर मसाला फुकट जातो. मराठी मोग्गु म्हणजे सावरीच्या जातीतल्या झाडाच्या वाळलेल्या कळ्या, दिसायला मोठ्या लवंगेसारख्या. नाही मिळाल्या तर सोडून द्या. त्यांच्या जागी लवंगा वाढवू नका, त्या भलत्याच उग्र होतात.

प्रयोगवही

वरच्या चिंचेच्या मुद्द्याला पुस्ती जोडतो. डाळीच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना धरून असतात, ते विरघळलं की डाळ मऊ होते. आंबट पाण्यात पेक्टिन सहजी विरघळत नाही. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही तेच करतं, म्हणून बाबांकडे बोअरचं पाणी असेल तर डाळीपुरतं पिण्याचं पाणी वापरा. डाळ जुनी असेल तरी ती चिवट राहते.

गोळा होतो तो स्टार्चमुळे. शिजताना सुटलेला स्टार्च निवताना पुन्हा घट्ट बांधला जातो. कढत पाणी घालून गरम केलं की बराचसा सैल होतो.

कोंडामांडा

कडवटपणाबद्दल लिहिते. राळ्याच्या कोंड्यात तेल असतं आणि टरफल काढलेला दाणा बरेच दिवस पडून राहिला की ते खवट होतं. कोरडा राळा मुठीत घासून वास घ्या. जुन्या तेलासारखा वास आला तर ती पिशवी टाकून द्या, कितीही धुतलं तरी फायदा नाही. वास ठीक असेल तर ४-५ पाण्यांनी चोळून धुवा आणि भिजवलेलं पाणी फेकून द्या. थोडा थोडाच आणा आणि फ्रीजमध्ये ठेवा. पॉलिश केलेला राळा कडवट लागत नाही, पण मग कोंडाही गेलेला असतो, आणि बाबांसाठी तो राहिलेला बरा.

अड्यारकर

मी चेन्नईत राहतो. इकडे राळ्याला तिनै म्हणतात आणि त्याचं वेण पोंगल होतं. बाबांना रोज आंबट-तिखट सोसत नसेल तर आठवड्यातून दोनदा ते करा. १ वाटी राळा, अर्धी वाटी मूगडाळ, ५ वाट्या पाणी, आलं, मीठ, एकदम ४ शिट्ट्या. चिंच नाही, त्यामुळे टप्पे पाडायची गरज नाही. वरून तुपात जिरं, भरडलेली मिरी, कढीपत्ता.

धान्य बदलायचं तर उपासाची वरई चालेल, पण ती फार लवकर मऊ होते, तिला वेगळी शिट्टी देऊ नका. कोकणातला हरीक मिळाला तर जरूर करून बघा, इथे तो वरगु म्हणून विकतात. चावायला छान लागतो, फक्त दोन तास भिजवा.

सावधपणे

मला स्वतःला मधुमेह आहे, म्हणून थोडं सांगतो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून ही धान्यं म्हणजे औषधच असं बोललं जातं. भरडधान्यांचा प्रचार करणाऱ्या म्हैसूरच्या खादर वलींना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. ही धान्यं शहरातल्या स्वयंपाकघरात परत आली यात त्यांचा मोठा वाटा आहे आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. पण रोग बरे करण्याचे दावे मला पटत नाहीत. राळा हेही पिष्टच. तंतू आणि प्रथिनं पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त, शिवाय धान्यात लायसिन हा प्रथिनांतला घटक कमी पडतो तो डाळ भरून काढते, म्हणून ही जोडी उत्तम. तरी वाढायचं मोजूनच. जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा, ती पाहून किती वाढायचं ते ठरवा, आणि औषधांत स्वतःहून काही बदल नको. या भातासोबत खारी बुंदी देतात, तिच्याऐवजी काकडीची कोशिंबीर द्या.

सायली_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. नीरफणसताईंच्या पद्धतीने काल मावशींनी केला. डाळ अगदी एकजीव झाली, भाज्यांचे तुकडे तसेच राहिले, आणि वाढताना भात पानात पसरला. राळ्याची पिशवी खवटच निघाली होती, नवा आणला. बाबांचं म्हणणं, मसाला अजून थोडा हवा आणि पुढच्या वेळी नवलकोल दुप्पट घाला. साखर तपासली, नेहमीच्या भातापेक्षा कमी वाढली होती.

एक शेवटचं विचारते. उरलेला दुसऱ्या दिवशी चालेल का?

नीरफणस

चालेल, फक्त निवाल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढा, अर्धी वाटी कढत पाणी घालून मंद आंचेवर मोकळा करा, नीट उकळी येऊ द्या. मग मसाला चिमूटभर आणि तूप ताजं. चिंच परत घालू नका, मुरल्यावर आंबटपणा आपोआप वाढलेला असतो.